भरतीची सरळ रेघ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांद्याच्या बाजारात काजूची कलमं टेम्पोत चढवून घेत होतो. शेजारच्या वैनी एवढंच म्हणाल्या, "बाबू, ताई उठना नाय रे…" त्याला आता पाच आठवडे झाले. घरी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. तिचं एक काम मी अंगावर घेतलं होतं आणि ते तिच्या हयातीत केलं नाही, एवढंच वाटभर डोक्यात होतं. ते आज इथे करतो आहे.

सुनंदाताई माझी थोरली बहीण. मालवणजवळच्या आमच्या गावच्या शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं. आलेख हा तिचा जीव की प्राण. फळ्यावर ती आलेख काढायची तेव्हा खडू एकदाही उचलत नसे. परदेशी गेलेल्या तिच्या काही विद्यार्थ्यांनी शाळेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर भेट द्यायचं ठरवलं. हे म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारं यंत्र. कुठलं घ्यायचं ते बाईंनीच ठरवावं म्हणून त्यांनी तीन नमुने पाठवले. शाळा समितीच्या अध्यक्षांना त्याची गरज पटेना. त्यांनी विचारलं, "बाई, परीक्षेत ह्येका परवानगी नाय, मगे कित्याक होया?" ताई म्हणाली, "परीक्षा तीन तासांची रे. जन्म केदो मोठो आसा!"

मग तिने त्या तिघांची परीक्षा घेतली. माहितीपत्रकं तिने वाचली आणि बाजूला ठेवली. जेटीवर रंगाचे पट्टे मारलेला एक बांबू तिने रोवला. दर तासाला मुलं पाणी कुठवर चढलं ते लिहून आणत आणि तो भरती-ओहोटीचा आलेख तिन्ही यंत्रांवर काढला जाई. पहिलं यंत्र पातळ, रंगीत पडद्याचं, तारेने चार्ज होणारं. वर्गात ते झकास दिसे, जेटीवरच्या उन्हात मात्र पडदा काळाठिक्कर. दुसऱ्याचा पडदा बोटाने चालायचा, पण ओल्या बोटाला दाद देत नसे. "आमच्या पोरांची बोटां सुकी कधी असतत?" असं म्हणून ताईने ते बाद केलं. तिसरं राखाडी, जाडजूड, दिसायला गरीब. पण ऊन जितकं कडक तितका त्याचा पडदा स्पष्ट दिसे. त्यात चार बारीक सेल लागत, ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत. चूक झाली तर ते नेमकं चुकलेल्या जागी नेऊन उभं करी. ताईने ते वैनींच्या हातात दिलं. वैनींनी चार बटणं दाबली, आलेख उमटला, आणि त्या म्हणाल्या, "अगो, ह्यां माका घाबरवणा नाय!" ताईने तिथेच निकाल लावला. हेच घ्यायचं.

समितीच्या बैठकीच्या दिवशी ताई एका लग्नाला खारेपाटणला गेली होती. मी तेव्हा शाळा समितीचा नवा चिटणीस. यंत्रं दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या संध्याकाळी मी त्या राखाडी यंत्राची बटणं हौसेने चाळवली होती. बैठकीत ताईचं भरतीचं समीकरण घातलं तर पडद्यावर लाट येईचना… नुसती सरळ रेघ. अध्यक्ष हसले, "काय रे, समुद्र आटलो काय?" सगळे हसले. यंत्र बाजूला ठेवत मी म्हणालो, "मशीनच खराब दिसता. ताईची निवड चुकली." मग रंगीत यंत्रावर त्यातलीच तयार चित्रं दाखवली, लोकांनी माना डोलावल्या, आणि रंगीत यंत्रंच पाठवा असं पत्र मी स्वतः लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ताई परत आली. तिने यंत्र हातात घेतलं आणि क्षणभर बघितलं. "अंशात ठेवलंस मां रे मेल्या! हेका रेडियन होया." कोन मोजायची दोन मापं असतात आणि यंत्राला कुठलं ते आधी सांगावं लागतं. मी बटणं चाळवताना ते बदललं होतं. तिने एक बटण दाबलं आणि पडद्यावर समुद्र उभा राहिला. "समितीक सांग," ती म्हणाली. मी म्हणालो, "सांगतंय."

सांगितलं नाही. आधी वाटलं, नवा चिटणीस म्हणून हसं होईल. मग यंत्रं आली, मग उशीर झाला… ताईने पुन्हा विचारलं नाही. तिने ती रंगीत यंत्रं घेऊनच मुलांना जेटीवर नेलं, पडद्यावर सावली पडावी म्हणून प्रत्येक जोडीला एक काळी छत्री दिली, आणि लाटेचं समीकरण शिकवलं. त्या छत्र्यांखालची एक मुलगी आज जहाजावरून समुद्रतळाची मोजणी करते. ताईच्या बाराव्याला ती आली होती. असा गुरू मी दुसरा पाहिला नाही.

काही वर्षांत त्या यंत्रांच्या बॅटऱ्या गेल्या आणि ती कपाटात पडली. ताईच्या निवृत्तीच्या समारंभात बैठकीतली ती सरळ रेघ आठवून कोणीतरी गमतीने म्हणालं, "बाईंचं गणित पक्कं, पण मशीन ओळखण्यात चुकल्या." सगळे हसले. ताईही हसली आणि हसताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी व्यासपीठावर होतो, माईक माझ्या पुढ्यात होता. मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

म्हणून आज लिहितो: सुनंदाबाई चुकल्या नव्हत्या. त्यांनी निवडलेलं यंत्र बिघडलेलं नव्हतं. चूक माझी होती.

परवा तिची खोली आवरताना टेबलाच्या खणात तिची तुलनेची वही सापडली. तीन यंत्रांचे तीन रकाने, आणि शेवटच्या पानावर "हाताळणाऱ्यांच्या चुका". कोणी कंस विसरलं, कोणी उणे चिन्ह. प्रत्येक चुकीपुढे मुलाचं नाव, दोन ठिकाणी "मी स्वतः". अगदी खाली राखाडी यंत्राची नोंद होती: "कोन अंशात राहिला. भरती सरळ दिसली." पुढे नावाची जागा कोरी.

तिचंच पेन खणात होतं. मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि त्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं.