एक 'क' जास्तीचा

स्कारबरोतल्या निम्म्या मराठी पोरांना 'ळ' शुभदाकाकूंनी शिकवला. दर रविवारी, कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये, बाहेर कितीही बर्फ असो. 'बाळ' नीट म्हणून दाखवल्याशिवाय कुणाची सुटका नसे. सुटली ती फक्त त्यांची नात. ईशानीला आजीचं सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. काका गेल्यावर काकू कॉन्डोत राहायला आल्या, आणि काही वर्षांनी युनिव्हर्सिटी जवळ पडते म्हणून ईशानी त्यांच्याकडे आली. तेव्हापासून काकूंची एकच आस होती: ही कधीतरी आपल्याशी मराठीत बोलेल.

त्या संध्याकाळी काकू तिसरी पोळी वाढायला गेल्या, तर ईशानीने ताटावर हात आडवा धरला.

"नक्को, आजी."

पोळी हातातच राहिली. आनंद झाला, पण अर्धाच. एक 'क' जास्त होता. तो या घरातला नव्हता, समोरच्या दारातून आला होता.

समोर बिल्किसबी राहत, मूळच्या विजापूरच्या. दोन्ही दारांमधून कित्येक वर्षं एकच स्टीलचा डबा ये-जा करी, कधी शिरखुर्मा घेऊन, कधी गूळपोळी घेऊन. रिकामा तो कधी गेला नव्हता.

"तू त्यांच्याकडे कधी जातेस?"

"एव्हरी थर्सडे. इट्स फॉर माय पेपर, आजी."

मग ती भरभरून सांगत सुटली, अर्थात इंग्रजीत. चारशे वर्षांपूर्वी विजापूरला इब्राहिम आदिलशहा होता. मुसलमान सुलतान, पण सरस्वतीला आई म्हणायचा, काही फर्मानांच्या माथ्यावर तिचं नाव घालायचा. त्याच्या शहरात फारसी, कानडी, मराठी एकमेकींना खेटून नांदायच्या. बिल्किसनानींची दखनी बोली या भाषांच्याच शेजारात वाढलेली. सांगताना तिचे डोळे चमकत होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातला एकच शब्द मनात धरून ठेवला: नानी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्किसबींचा डबा धुतला, पुसला, आणि तसाच रिकामा परत नेला.

बिल्किसबींनी झाकण उचलून पाहिलं. "रीता?"

"'नको' हमारा शब्द है," काकू म्हणाल्या, आणि रागाच्या भरात पुढे मराठीवरच घसरल्या. "आमचा आहे तो!"

"हौ, तुमाराच है." बिल्किसबी हसल्या. "चारसौ बरस हुए लेको, अब वापस मंगते क्या?"

"घेतला तर घेतला, नीट वापरा. दोन 'क' कशाला?"

"अगे शुभदाबाई, एक 'क' का 'नको' तुमे सुनतेच कां? पोळी डालतेच रहते. छोरी पूछी मेरेकू, आजीकू आजी की जबान में कैसा रोकना. मैं बोली, जरा जोर से बोल, नक्को!"

शब्द काकूंसाठीच मागितला गेला होता, पण दुसऱ्या दारी. मला विचारता आलं नसतं? विचारलं असतं तर त्यांनी आधी उच्चार सुधारला असता, हेही त्यांना ठाऊक होतं. बिल्किसबींनी तेवढ्यात डब्यात खीर भरली आणि तो त्यांच्या हातात दिला. "खाली नै भेजते हमे."

खीर उत्तम होती. त्याचाही काकूंना रागच आला.

रात्री जेवताना ईशानीने विचारलं, "आजी, डू यू थिंक द पुजारीज माइंडेड? सुलतान सरस्वतीला आई म्हणायचा तेव्हा?"

काकूंनी मान वर केली. शेवटचे शब्द मराठीत आले होते. त्यातल्या एकाही अक्षराला त्यांनी हात लावला नाही.

"जळले असतील मनातून," त्या म्हणाल्या. "देवीचं काय गेलं? तिला एक लेकरू वाढलं."

"अँड यू?"

"मी काही देवी नाही."

ईशानी हसली. काकू हसल्या नाहीत. उठून त्यांनी डबा घासला आणि त्यात बेसनाचे लाडू गच्च भरले. ईशानी पायात चपला सरकवत दाराशी आली आणि डब्यासाठी हात पुढे केले. ती गेली की तासभर परत येत नाही, हे काकूंना आता कळलं होतं.

"नक्को," त्या म्हणाल्या, आणि डबा घेऊन स्वतःच निघाल्या.