चाकापाशी गुलाबी डाग

माझा नवरा गाड्यांचे रेडिएटर तपासतो. चेन्नईबाहेरच्या एका कारखान्यात त्याची तीच नोकरी, आणि जेवतानाही त्याच्या डोक्यात तेच चाललेलं असतं. तरी आमच्याच गाडीचा रेडिएटर त्याच्या नाकाखाली कित्येक दिवस ठिबकत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाडी चालवायच्या त्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना अम्मा म्हणतो. माझं सासर तंजावरी मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. मी नाशिकहून लग्न करून आलेली. सत्तरीला टेकल्या तरी अम्मा दर शनिवारी स्वतः गाडी घेऊन तांबरमजवळच्या वृद्धाश्रमात थोरल्या बहिणीला भेटायला जायच्या. ही मावशी हळूहळू तमिळ विसरत चालली होती. लहानपणची मराठी तेवढी उरली होती, आणि ती तिथं दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. अम्मा गेल्या, तरच तिचं त्या आठवड्यात कुणाशी बोलणं व्हायचं.

एका शनिवारी मीही बरोबर होते. पुढच्या व्हॅननं अचानक ब्रेक मारला आणि आम्ही मागून तिच्यावर आदळलो. व्हॅनवाल्यानं उतरून बघितलं, काही नाही म्हणून हात हलवला आणि गेला. आमचा बंपर आत दबला होता, पण प्लॅस्टिकचाच तो, माझ्या डोळ्यांदेखत फट्‌दिशी बाहेर आला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

अम्मांनी आता गाडी सोडावी, असं नवऱ्याला वर्षभर वाटतच होतं. त्याचा तर सुंठीवाचून खोकला गेला. तो तासभर बोलला. अम्मांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडीला कायतरी झालेलं दिसलं, तर किल्ली तुझ्या हातांत देतें. सरि?"

"सरि," तो कबूल झाला.

दिसलं काहीच नाही. खरं तर दिसत होतं, पण आम्हाला कळत नव्हतं. त्या धक्क्यानंतर अम्मांनी दर शुक्रवारी गाडीची दृष्ट काढायला सुरुवात केली होती. पुढच्या चाकांखाली कुंकू लावलेली लिंबं ठेवायची आणि गाडी वरून न्यायची. त्यामुळे चाकापाशी फरशीवर गुलाबी डाग असायचाच. ओल असायची, पण या गावात बाराही महिने एसी चालतो, गाडीखालच्या पाण्याकडे कोण बघतंय! या गाडीच्या रेडिएटरमधलं पाणीही गुलाबीच असतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असायला हवं होतं ते सांगायला नको. तो रोज सकाळी तो डाग ओलांडून कामावर जायचा.

शेवटी अशाच एका शनिवारी, मी बरोबर असताना, तांबरमच्या अलीकडे, भर उन्हात, इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी फोन केल्यावर नवरा मित्राची गाडी मागून घेऊन आला. इंजिन थोडं निवल्यावर त्यानं आत हात घातला, चाचपून बघितलं आणि हात पुसत अम्मांकडे वळला.

"त्याच धक्क्यानं ना?" अम्मांनी विचारलं. "खरं सांग."

"हो. बंपर बाहेर आला, पण त्याच्यामागची लोखंडी पट्टी वाकलेलीच राहिली. तिचं टोक रेडिएटरला टेकलं होतं. खड्ड्याखड्ड्याला घासत राहिलं. आधी थेंब थेंब गळलं, आज फुटलं."

"इतक्या दिवसांनी?" मी म्हटलं.

"होतं असं," तो म्हणाला.

अम्मांनी किल्ली पुढे केली. "घे. शब्द दिला होता. पण शनिवारी कोणतरी मला अक्काकडे नेऊन सोडा." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं आणि नवऱ्याचा भयंकर रागही आला.

त्यानं किल्ली घेतली नाही. "मी त्या दिवशी तासभर ओरडत बसलो अम्मा," तो म्हणाला. "बॉनेट उघडून बघायचं मला सुचलं नाही." मग म्हणाला, "तुला लागलं होतं का, तेही विचारलं नाही. लागलं होतं?"

अम्मा डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून म्हणाल्या, "सीटचा पट्टा जोरात आवळला ना तेव्हा. अजून दुखतें. सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसले होते. उतरून बंपर बघितला होता, त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

नवरा म्हणाला, आधी डॉक्टर. अम्मा म्हणाल्या, आधी अक्का. कुणाचं चालणार होतं ते उघड होतं. खांदा बरा झाला की तूच चालव, असं तो दोनदा म्हणाला आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये टाकली. मित्राच्या गाडीत त्यानं त्यांना मागे डाव्या बाजूला बसवलं, म्हणजे पट्टा दुसऱ्या खांद्यावरून येईल. तो त्यानं स्वतः ओढून लावला आणि वाकून विचारलं, "फार घट्ट नाही ना झाला?"