खंडेरावनानांचा फळा

खंडेरावनानांना एका जागी बसणं माहीत नव्हतं. अर्धी भाकरी झाली न झाली तोच उठून दारात डोकावून यायचे. देवळात कीर्तनाला बसले, तरी मध्येच दोनदा चपला जागेवर आहेत का ते बघून यायचे. "सासूबाईंनी पायाला भिंगरी बांधूनच हा माणूस माझ्या पदरात घातला," असं त्यांची बायको रंगूबाई म्हणायची. पण रोज सकाळी सहाला हेच नाना मारुतीच्या पारावरच्या फळ्यासमोर खडू घेऊन उभे राहिले, की पाऊण तास जागचे हलत नसत.

पिंपळमळा म्हणजे नाशिकच्या कडेला नाल्याकाठी वसलेली साठ-सत्तर घरं. घरटी मेथी, पालक, कोथिंबीर. दुपारी काढायची, धुवायची, जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळचा टेम्पो मुंबईकडे निघाला की पाठ टेकायची. फळा नव्वद साली तरुण मंडळाने लावला. महिनाभरात तरुणांचा उत्साह ओसरला, आणि अक्षर वळणदार म्हणून खडू नानांच्या हातात आला तो कायमचा. टेम्पोची वेळ, कुणाचा दशक्रिया विधी, हरवलेली कालवड, दहावीला पास झालेल्यांची नावं, सगळं तिथं. तक्रारीसुद्धा. कुणीही चिठ्ठी द्यावी. मात्र खाली नाव हवं. ज्याच्याविषयी लिहायचं, त्याला नाना आधी स्वतः जाऊन सांगणार. आणि चिठ्ठी एक रात्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहणार. सकाळी ते विचारायचे, "आजबी हेच म्हणायचंय का?" हो म्हटलं की लिहून मोकळे, मग तक्रार सरपंचाची असो नाहीतर त्यांच्या सख्ख्या भावाची.

या एका रात्रीची लोक आधी टिंगल करायचे. ब्याण्णवच्या डिसेंबरात टिंगल संपली. दिवस वाईट होते, माणसं एकमेकांकडे बघायला बिचकत होती. चिमाजी हा फळ्याचा रोजचा पहिला वाचक, डोक्याने जरा गरम. तो धावत चिठ्ठी घेऊन आला: नाल्यापलीकडच्या वस्तीत हत्यारं उतरली आहेत, सावध राहा. "आत्ताच्या आत्ता लिव्हा, नाना!" नानांनी चिठ्ठी खिशात घातली आणि सायकलवर टांग मारून नाला ओलांडला. वाटेत दोनदा माघारी फिरावंसं वाटलं, हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही. चिमाजीने सांगितलेल्या अंगणात टोमॅटोच्या वेलांना आधार द्यायचे बांबू खालून टोकदार करून रचून ठेवले होते. घरधन्याने चहा पाजला आणि वर विचारलं, तुम्हाला लागतायत का चार? सकाळी चिमाजीने चिठ्ठी मागून घेतली आणि तिथंच फाडली. तेव्हापासून नानांच्या खिशाला वस्तीत मान मिळाला.

पुढे पंधरा वर्षांनी, २००७ साली, नानांच्या पदरात दुसरा फळा पडला. त्यांची मुलगी प्रतिभा शहरात कॉलेजला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिने मोठ्या रस्त्यावरच्या ललितच्या सायबर कॅफेत बसून ऑर्कुटवर 'आपला पिंपळमळा' नावाची कम्युनिटी काढली. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं, सटाण्याला दिलेल्या मुली, दुबईतला एक वायरमन, अशी चार महिन्यांत तीनशे माणसं जमली आणि लगेच भांडायलाही लागली. "नाना, ह्या फळ्यालाही तुम्हीच पाहिजे," म्हणून तिने बापाला मॉडरेटर करून टाकलं.

नानांना ते काम सुरुवातीला गोड लागलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी ते पडद्यावर बोट फिरवत वाचायचे. शिवी दिसली, पूस. जातीवरून टोमणा, पूस. लाकडी फळा पुसताना निदान हात तरी दुखायचा, इथं एक बोट टेकवलं की झालं. पण जिवाला घोर लागला तो लागलाच. इथं चिठ्ठी खिशात ठेवायची सोय नव्हती. आपण घरी जेवत असताना कुणीतरी लिहिलेलं असायचं आणि दुबईने ते वाचलेलंही असायचं. नाव न देता लिहायची मुभा होती. दिवसाला चार चकरा होऊ लागल्या. भारनियमनात कॅफे बंद असला, तर नाना पायरीवर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. "लाइट आली की मी मिस्ड कॉल देतो ना, नाना," ललित म्हणायचा. पण नाना ऐकतील तर शपथ.

ऑगस्टात एका दुपारी निनावी मजकूर आला. "आपल्या वस्तीतली भाजी नाल्यात धुतात. वरच्या नव्या कॉलन्यांचं गटार त्याच नाल्यात सुटतं. ही कोथिंबीर लोक कच्ची खातात."

नानांची कानशिलं तापली. खोटं असतं तर बरं झालं असतं. पूर्वी नाला स्वच्छ होता, तेव्हाची ही सवय. आता दुपारी वीज नसते, विहिरीवरची मोटर चालत नाही आणि टेम्पो कुणासाठी थांबत नाही. मग जुड्या नाल्यात बुचकळायच्या, नाकाला पदर लावून. रंगूबाईही तेच करत होती. हे मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या पोराने वाचलं, तर पिंपळमळ्याची एक जुडी उद्या कुणी उचलणार नाही. नानांनी बोट टेकवलं. मजकूर गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, खाली एक ओळ वाढवून. "नाना, फळ्यावरचं असं न विचारता कधी पुसलं होतंत का?"

नानांनी तेही पुसलं. ललितने सहज मान वळवून पाहिलं, तर उगीच खोकले.

म्हणजे लिहिणारा आपल्यातलाच. आठवडाभर त्यांना चैन पडेना. कधी ललितवर संशय, कधी पुण्याच्या पोरांवर. कुणी हसून रामराम घातला, की वाटायचं, हाच तो. चारच्या सुमाराला पाय आपोआप नाल्याकडे वळायचे आणि बायकांचे आवाज कानावर आले की माघारी फिरायचे. साठ घरांची भाकरी वाचवली, असं ते स्वतःला बजावायचे, आणि पुढच्याच पावलाला वाटायचं, आपण कुणाच्या तरी तोंडावर हात दाबलाय.

शनिवारी सदरा घालताना खिशात कागद लागला. अक्षर त्यांच्याच वळणाचं. मजकूर तोच, शिवाय नाल्याच्या पाण्याचा नमुना कॉलेजात तपासला आणि त्यात मैल्याचे जंतू निघाले, असं स्पष्ट लिहिलेलं. खाली नाव: प्रतिभा खंडेराव.

ती मोरीपाशी कपडे पिळत होती.

"मला तोंडानं सांगायला काय झालं व्हतं?"

"सांगितलं होतं. होळीच्या आधी. तुम्ही म्हणालात, बघू."

ते खरं होतं. नानांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "मंग तिथं नाव का नाय टाकलं?"

"माझं लग्न व्हायचंय, नाना. वस्तीची भाजी नासवली म्हणून आपल्या दारात कोण येईल? नाव घाला म्हणायला तुम्हाला सोपं आहे, तुमच्या नावाला कुणी हात लावत नाही." तिने हातातला कपडा बादलीत टाकला. "तुम्ही दोनदा पुसलंत, म्हणून आता घातलंय."

नानांनी पिळलेला एक कपडा उचलून दोरीवर टाकला. त्यांना लाज वाटली. सोळा-सतरा वर्षांत वस्तीतल्या भांडखोरांनासुद्धा दिली ती एक रात्र त्यांनी स्वतःच्या पोरीला दिली नव्हती.

ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांना आधी सांगायचं. चार वाजता नाना नाल्यावर गेले. या वेळी माघारी फिरले नाहीत. पोटरीभर पाण्यात उभ्या असलेल्या बायकांसमोर आणि काठावर जुड्या मोजणाऱ्या चिमाजीसमोर त्यांनी चिठ्ठी वाचली, नाव तेवढं गाळून. "उद्या लिव्हायचंय," ते म्हणाले.

एकच गलका झाला. शेजारची तानुबाई पुढे आली. "मंग आम्ही धुवायचं कुठं? तुमच्या खडूनं मोटर चालती का?"

नानांनी हातातला कागद उगीच उलटून पाहिला.

"कोणी लिव्हलंय? नाव सांगा," चिमाजी ओरडला. नाना नाव सांगत नाहीत, हे वस्ती पहिल्यांदाच बघत होती. रंगूबाईने मात्र नवऱ्याच्या हातातला कागद पाहिला आणि तिला कळायचं ते कळलं. हातातली जुडी तिने पाण्यातून वर काढली. ती पुन्हा बुडवेना, खालीही ठेवेना.

सकाळी नानांनी प्रतिभाला विचारलं, "आजबी हेच म्हणायचंय का?"

"हो," ती म्हणाली.

नाना पारावर गेले. चिठ्ठीतला मजकूर शब्दही न बदलता उतरवला. शेवटी आपल्या घरच्या भाजीसाठी एक शब्द घातला: आमचीही. आणि खाली प्रतिभाच्या जागी आपलं नाव लिहिलं, खंडेराव.

चिमाजी आला. नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागला आणि दुसऱ्या ओळीवर थांबला.

"नाना, पुसा हे. आत्ताच्या आत्ता."

नानांचा हात खरोखरच डस्टरकडे गेला. तीनशे माणसांसमोर ज्या सहजतेने बोट टेकलं होतं, तसाच गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"उद्या सकाळी ये, चिमाजी. उद्याबी हेच म्हणशील, तर माझ्यासमोर तू पूस."

"तवर अख्खी वस्ती वाचंल!"

"वाचंल," नाना म्हणाले.

ते फळ्याशेजारी पारावर बसले. गुडघा एकसारखा हलत होता. येणारा-जाणारा थांबून वाचायचा, कुणी पचकन थुंकून जायचा, कुणी नुसता बघायचा. दुपारी वीज गेली. रंगूबाई भाकरी तिथंच घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"आज जुड्या तशाच धाडते," ती म्हणाली. "मातीसकट."

"घेतील का मुंबईवाले?"

"ठाव नाय. तुम्ही जेवा."

अख्खी भाकरी संपेपर्यंत नाना उठले नाहीत.