पडवीतले स्पिरिटचे डबे

मोटार दारात थांबली तेव्हा मी बाळाला नुकतंच पाळण्यात घातलं होतं. दात येत होते, दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता त्याचा, आणि आत उकडायचं म्हणून पाळणा पडवीच्या वाशाला टांगलेला. आमचे हे मालाच्या लॉरीवर क्लीनर आहेत. कोल्हापुराहून माल भरायचा, घाट उतरायचा, पालीवरून रत्नागिरीत पोचवायचा. आमचं घर रस्त्यालाच लागून, म्हणून जातायेता थांबायचे, पाणी प्यायचे, पोराचा गाल ओढायचे. त्या दिवशी पाणी नाही, काही नाही, मागची फळी उघडली आणि डबे उतरवायला लागले. तीन डबे. आणि वास आला, दवाखान्यात जखम पुसताना येतो तो, गोडसर, थेट डोक्यात जाणारा.

"हे काय हो?"

"स्पिरिट. घाटात आपटून डब्यांच्या सांध्यांचे कथलाचे डाग सुटले, गळतायत."

ड्रायव्हर खाली उतरला. "वहिनी, गळके डबे घेऊन पुढे जायची माझी छाती नाही. वर माणसं बसलीत, विड्या ओढतात, कोणाकोणाचा हात धरू? संध्याकाळी डाग देणारा घेऊन येतो. तोवर राहूदेत इथे सावलीत."

माझं पोर त्याच सावलीत झोपलं होतं. पण मी काय बोलणार? ह्यांनीसुद्धा मान खाली घातली. डबे पाळण्यापासून चार हातांवर ठेवले, ओलं गोणपाट टाकलं वर, आणि एका दमात सांगितलं, "हे सुकू देऊ नको. चूल पेटवू नको. विडी नको, काडी नको, कोणाला जवळ येऊ देऊ नको. पेटलंच तर पाणी ओत, रॉकेलसारखं नव्हे हे, पाण्याने मरतं. पण बघ हां, उन्हात ह्याचा जाळ दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही गो!" आणि मोटार गेली.

मी चूल विझवली. भात अर्धा शिजलेला, तसाच राहिला. विहिरीवर दोन खेपा केल्या, हंडे भरून दाराशी ठेवले. पाळणा काढून आत न्यावा असं दहादा वाटलं, पण कडी वाजली की पोर उठेल, उठलं की रडेल, मग त्याला घेऊ की डबे बघू? म्हणून नाही हलवला. त्यातला एक डबा जास्त गळत होता, धार नाही, थेंब, पण थांबायचं नाव नाही. त्याच्याखाली मी परात लावली. परात भरत आली तेव्हा काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. मी ती उचलली आणि समोर अंगणात, खळ्यात, उन्हात ओतली, म्हटलं उन्हाने वाळून जाईल पाण्यासारखी. दोनदा ओतली. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्यांदा ओतून वर चढते तोच मामंजी शेतावरून आले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, घरात आम्ही तिघं-चौघंच, पण मामंजींशी मी समोर बोलत नसे. दाराआड उभं राहायचं, पदर पुढे ओढायचा आणि सांगायचं असेल ते पोराला सांगायचं. ते ऐकायचे आणि पोरालाच उत्तर द्यायचे. पोर सहा महिन्यांचं. तरी सगळा कारभार त्याच्या मध्यस्थीने चालायचा.

त्यांनी आत वाकून चूल बघितली. "काय रे बाबू, तुझ्या आवशीला विचार, चुलीत आग का नाही ती? घरात कोण मेलं काय?"

"बाळा, आजोबांना सांग, डब्यात स्पिरिट आहे, बाबांनी आग पेटवायची नाही असं सांगितलंय."

"तुझ्या बापसाला सांग, मोटारवाल्याचा माल संभाळायला म्हाताऱ्याला उपाशी ठेव असं कुठच्या पोथीत लिवलंय ते दाखव."

"बाळा, आजोबांना गूळ-पोहे देते म्हणावं."

"दे. पण पोर झोपलाय, त्याला किती बोलायला लावतेस?" आणि स्वतःच हसले. हसत हसत पडवीच्या पायरीवर बसले, कनवटीची विडी काढली.

"बाळा, आजोबांना सांग, विडी नको. विडी नको म्हणावं. बाळा!" मी तेवढंच तेवढंच म्हणत राहिले. दाराच्या कडीला हात होता माझा, बाहेर पाऊल टाकायला काय लागत होतं? पण पाऊल टाकलं नाही.

"अगो, डबे तिकडे नि मी इकडे," ते म्हणाले, ह्या वेळी पोराला नाही, आणि डब्यांकडे पाठ करून काडी ओढली, विडी शिलगावली, काडी खळ्यात टाकली.

काहीच झालं नाही. ऊन होतं तसं ऊन. मग खळ्यात पडलेला पेंढा एकेक काडी काळा व्हायला लागला, आपोआप, आणि त्याच्यावरची हवा हलत होती, तापलेल्या तव्यावर हलते तशी.

"मामंजी, आग!" मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा.

"कुठाय आग?" म्हणत ते उठले आणि बघायला तिथेच पाय टाकला.

त्यांची ती किंकाळी माझ्या कानातून जात नाही. मी एक हंडा गोणपाटावर पालथा घातला, दुसरा त्यांच्या पायावर, खळ्यात, जिथे हात पोचेल तिथे. विझलं कधी तेही कळलं नाही, पेटलेलंच दिसलं नव्हतं. मी रिकाम्या हंड्याने पाणी ओततच होते. पोर उठून किंचाळत होतं आणि मला त्याच्याकडे जायचं सुचत नव्हतं.

संध्याकाळी ड्रायव्हर नि ह्यांच्याबरोबर डाग देणारा आला. त्याने डब्यांतलं सगळं दुसऱ्या डब्यांत ओतायला लावलं, गळके धुवून मग डाग दिला. मामंजी पायाला कोरफड बांधून बसलेले, तळव्याला हा एवढा फोड. मला वाटलं, आता ते बोलतील. मला नाही बोलता येत, पण ते घरातले मोठे, त्यांचा पाय भाजलाय, ते ड्रायव्हरला म्हणतील, नेवा तुमचे डबे, परत आणू नका.

ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "बाबा, चुकलं. पण घाटात हे नेहमीचंच. तुमचं घर वाटेवर आहे म्हणून बरं."

मामंजींनी मुलाकडे बघितलं. हे खाली बघत नख खरवडत होते. नोकरी लागून चार महिने नव्हते झाले.

"ठेवत जा," मामंजी म्हणाले. "सूनबाय शाणी आहे. ती बघते."

मोटार गेली. मग मी वाशाची कडी काढली, पाळणा उचलला आणि मागे गोठ्यात नेऊन टांगला. पुढच्या आठवड्यात दोन डबे आले. आता येतातच. पोर गोठ्यात झोपतं, त्याच्या तोंडावर माशा बसतात. बसूदेत.