गाइडची बसमधली बायको

टेलरबाईंचा नवरा घरात बोलत नसे. मुका नव्हता, पण मान हलवून काम भागत असेल तर तोंडाला कशाला त्रास, असं त्याचं मत. आणि गंमत बघा, त्याचा धंदाच बोलण्याचा. उंच पठारावरची हरणं, गरुड आणि पडके किल्ले दाखवणाऱ्या सहलीच्या बसवर तो गाइड होता. टेलरबाई म्हणायच्या, सगळे शब्द तिकडे वाटून येतात आणि मला फक्त मळलेले शर्ट आणून देतात.

बाईंचं स्वतःचं कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान. पॅन्टची लांबी कमी करणं, चेन बदलणं, मालकाच्या पोटापुढे हरलेले कोट सैल करणं. दर मोसमात नवरा एकदा "येतेस का?" विचारी आणि बाई "दुकान कोण बघणार?" म्हणत. या वर्षी मात्र शिलाई मशीनच दुरुस्तीला गेलं, बसमध्ये एक सीट रिकामी राहिली आणि बाई निघाल्या.

कंपनीचा एक नियम होता. स्टाफच्या घरचं माणूस आलंच तर त्याने ओळख दाखवायची नाही. नाहीतर बाकीच्या प्रवाशांना वाटतं, खिडकीची जागा वशिल्याने गेली. म्हणून बाई मागे, हिरव्या टोपीवाल्या एका आजींशेजारी बसल्या. आजी दरवर्षी येत.

बस घाटाला लागली, नवऱ्याने माईक हातात घेतला, आणि बाईंना वाटलं, हा कोण गृहस्थ? आवाज काय, हसणं काय! एकाला गुडघा कसा आहे विचारतोय, दुसरीच्या खांद्यावरची शाल सारखी करतोय. आपल्या गुडघ्याची चौकशी याने शेवटची कधी केली, ते बाईंना आठवेना. अख्ख्या बसचा त्यांना हेवा वाटू लागला, अगदी झोपलेल्या प्रवाशांचासुद्धा.

पण खरा घाव पुढेच होता. दगडी पुलाशी बस थांबली तेव्हा तो म्हणाला, "माझी बायको या पुलावरून अनवाणी पळाली होती." बस खूश. किल्ल्याच्या दरबारात बायको गायली होती आणि भिंतींनी तिला साथ दिली होती. कुरणात तर हरणाचं पाडस तिच्या ओंजळीला नाक लावून गेलं होतं.

"फार गोड बाई आहे हो," आजी कुजबुजल्या. "तिच्यासाठीच मी येते."

टेलरबाई पुलावरून पळाल्या नव्हत्या. त्या गायल्या की शेजारी खिडकी लावून घेत. मग ही कोण? बाहेर एक गरुड घिरट्या घालत होता, सगळे माना वर करून बघत होते. बाई मात्र मनातल्या मनात त्या बाईची मापं घेत होत्या. कंबर बारीक असणार. खांदे सरळ. सटवीच्या कपड्याला फिटिंगसाठी चिमटीची डार्टसुद्धा घालावी लागत नसेल.

दुपारी चहाला सगळे उतरल्यावर बाईंनी नवऱ्याला बसच्या मागच्या बाजूला गाठलं.

"ती कोण?"

"कोण?"

"अनवाणी पळते ती."

नवरा हसला, आणि हसू नये हे त्याला लगेच कळलं. मग त्याने सांगितलं. लांबच्या रस्त्यावर बस झोपू नये म्हणून प्रत्येक गाइडजवळ गोष्टी रचायला एक घरचं माणूस लागतं. दुसऱ्या बसवरच्या गाइडचा एक मामा आहे, जो दिसेल त्या खड्ड्यात पडतो. "मी म्हटलं, आपली बायको असू दे. तू काही यायची नाहीस. मग रोज तुलाच घेऊन फिरायचो."

दुसरी एखादी बाई इथे विरघळली असती. टेलरबाईही विरघळल्या, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ.

"मला नाही फिरवलंत," त्या म्हणाल्या. "तिला फिरवलंत. उद्यापासून बायको खरी सांगायची. जशी आहे तशी."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने हुकूम पाळला. रानबोकड दिसले तेव्हा तो म्हणाला, माझ्या बायकोला यांचा वास सहन होत नाही. मठाच्या अवशेषांशी म्हणाला, इथे ती आली तर बसमध्येच बसून राहील, तिचे गुडघे दुखतात. बस जांभया देऊ लागली. पुढच्या सीटवरच्या एकाने तर डबा उघडून खायला घेतलं. नवऱ्याचा आवाजही उतरला होता. खरं सांगताना माणसाचा चेहरा इतका पडलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता. आणि ही खरी म्हणजे आपण, हे लक्षात आल्यावर त्यांचा स्वतःचाही पडला.

आजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "ही दुसरी असणार. पहिली बिचारी गेली वाटतं. आणि याने काय ही उचलून आणली! तिची सर नाही हो हिला."

टेलरबाई उभ्या राहिल्या. नियम, कंपनी, वशिला सगळं गेलं खड्ड्यात.

"पहिलीच आहे मी," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी नाही. होणारही नाही."

माईकने एक कर्कश शिट्टी मारली. सगळी बस वळली. आधी आजींनी दोन्ही हातांनी टोपी धरली, मग टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. अनवाणी पळणारी ती ही! बाईंनी "तसं नाही" म्हणायला तोंड उघडलं, समोरचे आनंदलेले चेहरे पाहिले आणि मिटून घेतलं.

तेवढ्यात टेहळणीचा बुरूज आला. सगळे उतरले आणि पायथ्याशी वाट करून उभे राहिले. पुढे कुणी जाईना.

"तुम्ही चला की आधी," आजी म्हणाल्या.

बाईंनी वर पाहिलं. पायऱ्या गोल गोल फिरत अंधारात गेल्या होत्या. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर ठेवून त्या चढू लागल्या. मागोमाग नवरा, त्यामागे अख्खी बस. पहिल्या वळणावरच श्वास संपला.

"थांबूया का जरा?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"ती थांबली होती का इथे?"

नवरा घुटमळला. "नाही. ती पळत गेली होती."

"मग ढकला," टेलरबाई म्हणाल्या.