खालाचं अमेरिकेचं स्टेशन

मला खरं तर वडिलांसाठी जुनी हिंदी गाणी शोधायची होती. खामगावात आमचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि शेतकीची पदवी घेऊन मी नुकतीच तिथे बसायला लागले होते. बीटी कपाशीचे ते दिवस. कंपन्यांकडे माल कॉम्प्युटरवरून मागवावा लागतो असं कळल्यावर वडिलांनी नाइलाजाने दुकानात एक कॉम्प्युटर आणि ब्रॉडबँड घेतलं होतं. पेरणीचे दिवस सरले की ते यंत्र रिकामंच बसे. एका सकाळी मी त्यात इंग्रजीतून ‘जुनी गाणी, रेडिओ’ असं टाकलं, समोर आलेल्या पहिल्याच नावावर टिचकी मारली, आणि छोट्याशा स्पीकरमधून एक अमेरिकन माणूस जीव तोडून गायला लागला.

वडील फळीवर पाकिटं लावत होते. ते वळले.

“हे काय लावलं वं?”

“जुनी गाणी.”

“कोणाची जुनी?”

मी आवाज कमी केला, बंद मात्र केला नाही. गाणं संपल्यावर एक म्हातारा बोलायला लागला. आवाज जाड, बोलणं सावकाश, मध्येच खोकला. हे स्टेशन तो एकटाच आपल्या घराच्या मागच्या खोलीतून चालवत होता. त्याच्या तरुणपणीच्या तबकड्या त्याच्याकडे होत्या, त्याच तो लावायचा. तिकडे झोपायची वेळ आणि इकडे आम्ही दुकान उघडून उदबत्ती फिरवतोय, असा मामला. तो श्रोत्यांना शुभरात्री म्हणायचा तेव्हा आमच्याकडे पहिला चहा येत असे.

आमच्या शेजारी गाद्यांचं दुकान होतं. ते चालवायची ती बाई सगळ्या गल्लीची खाला, म्हणजे मावशी. नवरा गेल्यावर तिने कापूस पिंजायचं यंत्र स्वतः हाती घेतलं होतं. तिच्या भुवयांवर कायम कापसाचे बारीक तंतू बसलेले असत, त्यामुळे ती तिच्या वयापेक्षा म्हातारी दिसे आणि बोलायला लागली की एकदम तरुण होई. दोन दुकानांमधली भिंत पातळ. तिचं यंत्र सुरू झालं की आमच्या फळ्या थरथरत आणि आमचा रेडिओ लागला की तिला ऐकू जाई. चौथ्या-पाचव्या दिवशी यंत्र मध्येच थांबलं आणि खाला आमच्या दारात आली.

“बेटी, हा बाबा काऊन रडून राह्यला?”

“बायको सोडून गेली त्याची, खाला.”

“मंग जाऊन आण म्हणा तिले. इथं रडून काय होते?” असं म्हणून ती खताच्या पोत्यावर बसली आणि पुढची तीन गाणी ऐकून उठली.

त्यानंतर रोजचंच झालं. खालाला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण तिला उरुसातल्या कव्वाल्यांचा नाद होता आणि त्या कानाने ती ही गाणी ऐकायची. गाणारा वरच्या पट्टीत गेला की तिचा हात आपोआप वर जाई. एखादं गाणं नुसतंच गुळगुळीत असलं की म्हणे, “याच्या पोटात काही नाई, सरका पुढं.” मी तिला अर्थ सांगायला लागले की ती मला गप्प करी. अर्थ कळला की मजा जाते, असं तिचं म्हणणं होतं. आमची गिऱ्हाइकंही आधी बुचकळ्यात पडत, मग सरावली. एकीकडे पांढऱ्या माशीवर काय मारायचं ते विचारत आणि दुसरीकडे पायाने ठेका धरत उभे राहिलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

स्टेशनच्या पानावर निरोप लिहायला एक चौकट होती. एक दिवस मी त्यात लिहिलं की आम्ही भारतातून ऐकतो, आमचं गाव कापसाच्या बाजाराचं आहे, आणि गाद्या भरणाऱ्या एका बाईंना तुमची गाणी फार आवडतात. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने तो निरोप वाचून दाखवला. खामगाव हा शब्द त्याने असा काही उच्चारला की ते एखाद्या चिनी शहराचं नाव वाटावं. मग म्हणाला, माझं गावही कापसाचंच. माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि वेचताना गायची. तुमच्याकडच्या बाया काय गातात?

मी हे खालाला सांगितलं. ती म्हणाली, “मले काय इचारते? मी तर पिंजते. वेचणारीले इचार.”

वडनेर भोलजीला आमचं शेत होतं, ते काका पाहायचे. वेचणी सुरूच होती. पुढच्या रविवारी मी तिकडे निघाले, तर खाला डोक्यावर ओढणी घेऊन माझ्या आधी काळीपिवळी जीपमध्ये बसलेली. दुकान का बंद ठेवलं असं मी विचारलं, तर म्हणाली, “अमेरिकेचं काम हाये.”

शेतात गेलो तर गाणं कुठेच नव्हतं. त्या वर्षी बोंडं भरायच्या वेळेलाच पावसाने दडी मारली होती. आमच्या विहिरीला थोडं पाणी होतं म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तगली; आजूबाजूची कोरडवाहू वावरं उभ्या उभ्या वाळली होती. कमरेला ओटी बांधून पाच-सहा बाया मुकाट्याने वेचत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई उंच, काटक, कपाळावर गोंदण. काकू म्हणाली, गाणं पाहिजे असेल तर हिला विचार, लग्नकार्यात हिच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. मी तिला विचारलं.

ती वेचायची थांबली नाही. “गाण्याचे दिवस हायेत का हे, बाई? माहं सोताचं वावर वाळलं, म्हणून मी तुमच्या वावरात हावो. नाई तर आज माह्याच वेचणीले बाया लागल्या असत्या.”

दुष्काळात गाणी मागत फिरणारी शहरी पोरगी, असं मला माझंच रूप दिसलं आणि आपण निघावं असं वाटायला लागलं. खालाला मात्र तसं काही वाटलं नसावं. तिने माझ्या हातातला मोबाइल घेतला. म्हाताऱ्याच्या स्टेशनवरची काही गाणी मी त्यात भरून ठेवली होती. “लाव ते, बाया जवाब देतात ते,” ती म्हणाली.

मी लावलं. एक जाडसर आवाजाचा गायक ओळ टाकतो आणि मागच्या बाया ती उचलून त्याला परत देतात, असं ते गाणं. मोबाइलचा स्पीकर तो केवढा, वाऱ्यावर अर्धं गाणं उडून जात होतं. बाया वेचत वेचत जवळ सरकल्या. उंच बाई पहिल्यांदा थांबली.

“हा एकटा म्हणते अन् त्या झेलतात?”

“हाव,” खाला म्हणाली.

“मंग हे तर आपल्यासारखंच हाये.” थोडा वेळ तिने ऐकलं. “पण त्या मागच्या बाया उशिरा झेलून राह्यल्या.”

तिच्या शेजारची बाई हसली. मग ती स्वतःही हसली. मला वाटतं, त्या उशिराचीच तिला चीड आली असावी. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, वेचायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणायला लागली:

“पाकिटातली पऱ्हाटी, गेली डोक्याच्या वर,
वेचू वेचू पाठ मोडे, कवा दिसन माहं घर.”

बाकीच्यांनी शेवटचे शब्द असे अचूक झेलले की मी रेकॉर्डिंगचं बटण दाबायला विसरलेच होते; खालाने कोपराने ढोसल्यावर दाबलं. ही ओळ तिने तिथेच जुळवली होती. पुढे आणखी आल्या. एकीत आमच्या काकांच्या पोटावर कोटी होती, ती ऐकून काका विहिरीकडे निघून गेले.

रेकॉर्डिंग मी ईमेलने पाठवलं. ते जायला अर्धी दुपार लागली. म्हाताऱ्याचं उत्तर आलं: बाजाराच्या दिवशी आमच्या सकाळी, म्हणजे त्याच्या रात्रीच्या कार्यक्रमात तो ते लावणार होता.

त्या दिवशी बाया बाजारासाठी खामगावला आल्या आणि पिशव्यांसकट आमच्या दुकानात शिरल्या. खालाने आपल्या नव्या गाद्या आणून जमिनीवर पसरल्या, जणू घरचं कार्य होतं. काउंटरपाशी दोन शेतकरी हरभऱ्याचं बियाणं उगवलंच नाही म्हणून वडिलांशी तावातावाने बोलत होते. इतक्यात वीज गेली. भारनियमनाचं वेळापत्रक त्या आठवड्यात बदललं होतं आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुकानात जुना इन्व्हर्टर होता, त्याच्या बॅटरीत किती जीव उरलाय याची खात्री नव्हती.

वडील इतके दिवस या रेडिओकडे पाठ करून बसत. ते उठले, पंखा बंद केला, दिवा बंद केला, पैसे मोजायच्या कोपऱ्यातला छोटा बल्बही काढला. तावातावाने बोलणाऱ्या शेतकऱ्यांना म्हणाले, “थोडं बसा. तुमचं मी पाहतो, कंपनीच्या माणसाले उद्या इथं आणतो. आता ह्या बायाईचं गाणं लागून राह्यलं.” ते दोघेही पोत्यावर बसले.

अंधाऱ्या दुकानात आम्ही सगळे त्या उजळलेल्या पडद्याकडे पाहत होतो. म्हाताऱ्याने वडनेरचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, दोनदा अडखळला, आणि बायांनी तोंडाला पदर लावले. मग त्यांचाच आवाज आला. मध्ये एकदा लाइन अडकली आणि उंच बाईची ओळ अर्ध्यावर लटकली. थोड्या वेळाने ती सुटली. त्या बाईने स्वतःचा आवाज पहिल्यांदाच बाहेरून ऐकला होता.

“मी इतकी खरखरीत म्हणते का वं?” ती हळूच म्हणाली.

“खरखर हाये म्हणून तर मजा हाये,” खाला म्हणाली. तिच्या भाषेत ही मोठी दाद होती.

गाणं संपलं. मग म्हातारा म्हणाला की आईची गाणी त्याने कधीच कुठे साठवली नाहीत, एवढ्या तबकड्या जमवल्या आणि तिची एकही नाही. मी बायांना सांगितलं.

“माय हाये त्याची?” उंच बाईने विचारलं.

“नाही. वारली.”

तिने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “त्याले लिही, गाणं आठवत असन तर तू म्हण. आमी झेलतो. उशीर नाई करत.”

मी तसंच लिहिलं, उशिराचं सुद्धा. दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी दुकानात मी, खाला आणि वडील असताना त्याने कार्यक्रम थांबवला आणि म्हणाला, भारतातल्या एका बाईंनी मला कामाला लावलंय. आणि तो गायला; मी घाईने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. आवाज फाटका, सूर सुटलेला, दुसरी ओळ तो विसरला आणि पहिलीच पुन्हा म्हणाला. त्या दिवशी खालाने हात वर केला नाही. ती ओढणीने भुवया पुसत राहिली. वडिलांनी मला विचारलं, “हे पाठवता येते का तिकडं, वडनेरले?”

पाठवायची गरज नव्हती, वेचणीचा शेवटचा हप्ता चालू होता. मीच घेऊन गेले. उंच बाईने ते दोनदा ऐकलं.

“गळा नाई त्याले,” ती म्हणाली. “पण मायची याद हाये.”

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिने झेललं. शब्द तिला माहीत नव्हते, म्हणून नुसत्या आकारात, त्याने श्वास घ्यायला सोडलेल्या जागी बरोबर. बाकीच्या बाया मागून आल्या. मी हेही रेकॉर्ड करून पाठवलं आणि नंतर कळलं की तो पुढे कित्येक महिने आपला कार्यक्रम याच गाण्याने संपवत असे. फक्त तेव्हा आमच्याकडे दुकानात गर्दी असायची, त्यामुळे आम्हाला ते नेहमी ऐकायला मिळत नसे.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि उंच बाई आपल्या वावरात परतली. वेचणीला तिने खालाला बोलावलं. खाला गेली, थोडंसं वेचलं, जास्त बोलली आणि कापसाने भरलेली एक पिशवी घेऊन आली. काही वर्षांनी ते स्टेशन लागेनासं झालं. पान तेवढं शिल्लक होतं, आवाज येत नव्हता. माझं तोवर लग्न होऊन मी बुलढाण्याला आले होते. खालाचा फोन आला.

“तुह्या बाबाले इचारलं, त्याईलेही लागत नाई. दुसरं कोणतं हाये का असं?”

मी शोधून तिच्या नातवाच्या फोनवर दुसरं एक स्टेशन लावून दिलं. तिथली गाणी चांगली आहेत. मध्ये बोलणारा माणूस मात्र फार घाईत असतो, असं खालाचं मत आहे, आणि ते तिने मला दर फोनला सांगितलं आहे.