बोट फिरवायचं काम

माझी भावजय सायकल चालवते हे कळलं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. तिच्या सायकलचं पंक्चर आमचे बाबा काढतात हे कळलं, तेव्हा मात्र पोटात दुखलं.

कारण ते काम माझं होतं. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो आणि बाबा सायकलने साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये जायचे. तिथल्या रस्त्यावर लोखंडाचा कीस आणि तारांचे तुकडे पडलेले असायचे, त्यामुळे पंक्चर ठरलेलं. स्वतः कारागीर असलेल्या माणसाने दुकानात पंक्चर काढून घ्यायचं म्हणजे बाबांना कमीपणा वाटायचा. सुट्टीच्या दिवशी ते गॅलरीत सायकल उलटी ठेवायचे आणि आईच्या जेवणाच्या चमच्यांनी टायर उचकटायचे. आई चिडायची. वाकलेल्या चमच्यांनीच आम्ही आमटी खायचो.

ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघायचे, भोक घासून पॅच लावायचा, हे सगळं बाबा करत. एकच काम ते माझ्यावर सोडत. ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. टायरमध्ये काटा किंवा तार राहिली तर नवा पॅच फुकट जातो. "चेडवा, बोट फिरव गो," ते म्हणायचे. आमच्या मालवणीत मुलीला अशी हाक मारतात. भावाला हात काळे करायचे नसायचे, त्यामुळे या कामात मला वाटेकरी नव्हता. माझ्या बोटाला काही टोचलं की बाबांचा चेहरा खुलायचा, मला रक्त आलं तरीसुद्धा.

आता बाबा मुलुंडला भावाकडे असतात आणि मी बोरिवलीला. भावजय बालवाडीत शिकवते, सायकलने जाते. आसपासचे पंक्चरवाले बाईकच्या नादात सायकलला हात लावत नाहीत, तेव्हा बाबांनी जुना पाना बाहेर काढला. भाऊ फोनवर हे कौतुकाने सांगायचा. मी "हो का, छान," म्हणायची आणि फोन ठेवल्यावर उगाच भांडी आपटायची.

परवा रविवारी गेले तर बाबा बिल्डिंगखाली स्टुलावर बसलेले, सायकल उलटी, घमेल्यात पाणी आणि भावजय समोर उकिडवी. चमच्यांच्या जागी ऑनलाइन मागवलेले प्लॅस्टिकचे दांडे. मला बघून बाबा हसले. मी पर्स बाजूला ठेवून खाली बसणार, एवढ्यात ते म्हणाले, "चेडवा, पाना दी."

मी हात पुढे केला. पाना भावजयीने दिला. हाक तिला होती.

नगरकडची ही बाई. लग्नाआधी मालवणीचा एक शब्द तिला येत नव्हता. आणि आता माझी हाक माझ्यासमोर घेऊन बसली होती, तीही अगदी सहज, रोजची असल्यासारखी. मी "चहा टाकते," म्हणून तरातरा वर निघून गेले. चहा कोणालाच नको होता. तरी मी आलं किसत बसले.

खाली आले तोवर टायर चढवून झालं होतं आणि ती हवा भरत होती. जेवण आटोपून पुन्हा बघितलं, तर चाकातली हवा गेलेली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

"उघडा परत. मी बघते," मी म्हटलं. टायर सैल केल्यावर आतून बोट फिरवलं. अर्ध्यावरच टोचलं. केसासारखी बारीक तार, टायरमध्ये रुतलेली. मी ती उपसून भावजयीच्या नाकासमोर धरली.

"ही बघ. बोट कोण फिरवणार होतं? लक्ष कुठे असतं गं तुझं?"

बाबा म्हणाले, "तिका बोलू नको. बोट मियाच फिरवलंय."

आणि त्यांनी आपला हात मांडीवर उलटा करून बघितला. मी पण बघितला. बोटाच्या टोकावर लाल ओरखडा होता. तार त्यांना लागली होती, त्यांना कळली नव्हती.

बाबा ट्यूब घासायला लागले. भावजय घमेल्यातलं पाणी बदलायला वर गेली, तिच्या मागोमाग मी.

"शुगरमुळे," ती नळ सोडत म्हणाली. "बोटांना काही लागलेलं कळत नाही त्यांना. बरेच महिने झाले. कोणाला सांगू देत नाहीत, यांनासुद्धा नाही. ते बोट फिरवतात, मग मी ट्यूब घालायच्या निमित्ताने हळूच फिरवून घेते."

"मग आज का नाही फिरवलंस?"

"ताई, तुम्ही आला होतात ना. बाबा नेहमी सांगतात, ते काम ताईचं. म्हटलं तुम्ही चहा घेऊन खाली याल, तोवर थांबू. पण त्यांनी चढवूनच टाकलं."

मला रडू यायला हवं होतं. पण मला आला तो रागच. सकाळी तिने माझी हाक घेतली म्हणून जळत होते. आता बाबांची बोटं सुन्न झाली आहेत हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं, म्हणून जास्तच जळत होते. हाक घेतली ते परवडलं असतं. त्यांनी लपवलेलं दुखणं तिच्या वाट्याला आलं होतं, आणि फोनवर रोज "बरा आसा" ऐकून मी खूश होते.

खालून बाबांचा आवाज आला. "चेडवा, बोट फिरवूक ये गो."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हाक कोणाला होती ते कळायला मार्ग नव्हता. तिने नळ बंद केला आणि घमेलं माझ्या हातात दिलं. मी थांबले नाही, तूही चल असं म्हटलं नाही. पाणी सांडत जिना उतरले.